चार्ज्ड पार्टिकल कुठे वळेल? तीन फील्ड आणि गणिताला हात घालायच्या आधीचं चित्र

बारावीच्या मुलांना मी संध्याकाळी फिजिक्स शिकवते, आणि दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तीच तक्रार कानावर येते, मॅडम फॉर्म्युले सगळे पाठ आहेत पण पेपरात समोर गणित आलं की कुठला लावायचा तेच कळत नाही. आता यात मुलांची चूक नाही, कारण इलेक्ट्रिक फील्ड एका धड्यात येतं, मॅग्नेटिक दुसऱ्या धड्यात आणि गुरुत्वाकर्षण तर अकरावीतच मागे राहिलेलं असतं, त्यामुळे एकच इलेक्ट्रॉन तिन्ही ठिकाणी कसा वागतो हे शेजारी शेजारी ठेवून बघायची वेळच येत नाही. म्हणून इथे एकच इलेक्ट्रॉन घेऊया आणि त्याला तिन्हीतून फिरवूया. वही पेन आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, नुसतं वाचून उपयोग नाही, आकडे स्वतः काढून बघा.

पहिली पायरी: फील्ड कणाला काय विचारतं?

गुरुत्वाकर्षण फक्त वस्तुमान विचारतं. चार्ज आहे की नाही, कण चालतोय की थांबलाय, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इलेक्ट्रिक फील्ड फक्त चार्ज विचारतं, कण थांबलेला असला तरी ढकलतं आणि पळत असला तरी तेवढंच ढकलतं. मॅग्नेटिक फील्ड मात्र दोन गोष्टी विचारतं, चार्ज आहे का, आणि असला तर तू चालतोयस का आणि कुठल्या दिशेने. थांबलेल्या चार्जला चुंबक ढुंकूनही बघत नाही, आणि जो चार्ज फील्डच्या रेषेवरूनच सरळ चाललाय त्यालाही काही करत नाही.

गणित वाचलं की आधी समासात एवढंच लिहायचं: कण चार्ज्ड आहे का, चालतोय का, आणि फील्डच्या कुठल्या कोनात चालतोय. अर्धी गणितं इथेच सुटतात. खरंच सांगते, कारण "चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन स्थिर ठेवला आहे" असा प्रश्न आला की निम्मा वर्ग फॉर्म्युला लिहायला घेतो आणि उत्तर असतं शून्य.

दुसरी पायरी: गुरुत्वाकर्षण धरायचं की सोडून द्यायचं?

पुस्तकात लिहिलेलं असतं "गुरुत्वाकर्षण नगण्य मानावे" आणि आपण मानतो. पण किती नगण्य ते एकदा तरी हाताने काढून बघायला हवं, नाहीतर ते वाक्य कायम नुसतं पाठ केलेलंच राहतं.

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.११ गुणिले १० चा उणे ३१ वा घात किलो. त्याला ९.८ ने गुणा, वजन आलं साधारण ८.९ गुणिले १० चा उणे ३० वा घात न्यूटन. आता घड्याळात घालतो तो साधा दीड व्होल्टचा सेल घ्या आणि तो एकमेकींपासून चक्क एक मीटर लांब असलेल्या दोन मोठ्या प्लेटांना जोडा, म्हणजे मध्ये फील्ड झालं मीटरला फक्त दीड व्होल्ट. इलेक्ट्रॉनचा चार्ज १.६ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलंब, गुणाकार करा, फोर्स येतो २.४ गुणिले १० चा उणे १९ वा घात न्यूटन. आता भागाकार करा. हा एवढासा सेल पृथ्वीपेक्षा सुमारे २,७०० कोटी पटीने जास्त ओढतोय. एका बाजूला अख्खी पृथ्वी आहे आणि दुसऱ्या बाजूला एक पेन्सिल सेल, आणि सेल जिंकतो.

म्हणून इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, आयन (म्हणजे चार्ज झालेले अणू किंवा रेणू) यांच्या गणितात गुरुत्वाकर्षण सोडायचं. पण तेलाचा थेंब, धुळीचा कण, धाग्याला टांगलेला चार्ज केलेला गोळा असं काही आलं की सोडायचं नाही, तिथे ते पूर्ण ताकदीने हजर असतं. त्याच्याकडे शेवटी येते, कारण शेवटी एक अशी गोष्ट आहे जी मला स्वतःला फार आवडते.

तिसरी पायरी: इलेक्ट्रिक फील्डमध्ये पॅराबोला

आपल्या इलेक्ट्रॉनला आधी १,००० व्होल्टमधून पळवूया. इथे स्पीड काढायला फोर्स, त्वरण, अंतर या भानगडीत पडूच नका, सरळ एनर्जीने जा. चार्ज गुणिले व्होल्टेज बरोबर अर्धं वस्तुमान गुणिले स्पीडचा वर्ग. दोन प्लेटांमधलं अंतर एक सेंटीमीटर असो की एक मीटर, १,००० व्होल्ट ओलांडले की १,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट एनर्जी मिळाली, विषय संपला. स्पीड येतो १.८७ गुणिले १० चा ७ वा घात मीटर दर सेकंदाला, म्हणजे प्रकाशाच्या स्पीडच्या सहा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे रिलेटिव्हिटी आणायची गरज नाही.

आता हा इलेक्ट्रॉन आडवा चाललाय आणि वाटेत दोन आडव्या प्लेटा आहेत, ५ सेंटीमीटर लांबीच्या, मधली फट २ सेंटीमीटर, आणि त्यांना १०० व्होल्ट दिलेत. फील्ड झालं मीटरला ५,००० व्होल्ट. हे म्हणजे गच्चीवरून आडवा फेकलेला बॉल, दुसरं काही नाही, आडवा स्पीड तसाच राहतो आणि उभ्या दिशेने एकसारखं त्वरण मिळत जातं. फक्त ९.८ च्या जागी ८.८ गुणिले १० चा १४ वा घात आलाय, आणि वळायची दिशा प्लस प्लेटकडे, मग ती वर असली तर वर.

५ सेंटीमीटर पार करायला लागतात २.७ नॅनोसेकंद. तेवढ्यात इलेक्ट्रॉन ३.१ मिलिमीटर वर सरकतो. आणि त्याच २.७ नॅनोसेकंदांत गुरुत्वाकर्षणाने तो खाली किती पडला? ३.५ गुणिले १० चा उणे १७ वा घात मीटर, म्हणजे प्रोटॉनच्या त्रिज्येच्याही विसाव्या भागापेक्षा कमी. हा आकडा मुलांकडून काढून घेतला की वर्गात दोन मिनिटं कोणी बोलत नाही.

प्लेटातून बाहेर पडल्यावर पॅराबोला संपतो, पुढे सरळ रेषा. इथे खूप मार्क जातात, मुलं स्क्रीनपर्यंत पॅराबोलाच ओढत नेतात. बाहेर पडताना उभा स्पीड भागिले आडवा स्पीड केलं तर ०.१२५ येतो, तोच कोनाचा टॅन. स्क्रीन प्लेटांच्या टोकापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर ३० गुणिले ०.१२५ म्हणजे ३.७५ सेंटीमीटर, त्यात आधीचे ०.३१ मिळवा, ठिपका ४.०६ सेंटीमीटरवर.

आता याच गणितात आकड्यांऐवजी अक्षरं ठेवून सोडवा. सरकण्याचं उत्तर येतं: फील्ड गुणिले लांबीचा वर्ग, भागिले कणाला आधी ज्या व्होल्टेजने पळवलं त्याची चौपट. नीट बघा, यात चार्जही नाही आणि वस्तुमानही नाही! म्हणजे १,००० व्होल्टमधून पळवलेला प्रोटॉन सोडला तरी तोही ३.१ मिलिमीटरच सरकेल, फक्त उलट्या बाजूला. एकाच व्होल्टेजने पळवलेले हलके आणि जड कण नुसत्या इलेक्ट्रिक प्लेटांनी वेगळे करता येत नाहीत. ते काम चुंबकाचं.

चौथी पायरी: चुंबकात गोल

मॅग्नेटिक फोर्स कायम स्पीडच्या दिशेला काटकोनात असतो. दोरीला दगड बांधून फिरवतो तेव्हा दोरी दगडाला पुढे ढकलत नाही, फक्त वळवत राहते, अगदी तसंच. म्हणून स्पीड बदलत नाही, एनर्जी बदलत नाही, फक्त दिशा बदलते. "मॅग्नेटिक फील्डने केलेलं कार्य किती" असं विचारलं की विचार न करता शून्य लिहायचं.

त्रिज्या म्हणजे वस्तुमान गुणिले स्पीड, भागिले चार्ज गुणिले फील्ड. आपला १,००० व्होल्टवाला इलेक्ट्रॉन १ मिलिटेस्लाच्या फील्डमध्ये आडवा घुसला तर त्रिज्या येते १०.७ सेंटीमीटर, म्हणजे जेवायच्या ताटाच्या आसपासचा गोल. त्याच जागी त्याच व्होल्टेजचा प्रोटॉन सोडला तर? वस्तुमान १,८३६ पट, त्याचं वर्गमूळ सुमारे ४३, गोलाची त्रिज्या साडेचार मीटरच्या वर. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे हलके आणि जड कण वेगळे करणारं यंत्र, याच फरकावर चालतो.

आणि आपल्याकडचं पृथ्वीचं फील्ड, साधारण ४० मायक्रोटेस्ला, त्यात हाच इलेक्ट्रॉन पावणेतीन मीटर त्रिज्येचा गोल काढायला बघेल. जुन्या पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीत इलेक्ट्रॉन पंचवीसएक हजार व्होल्टने पळायचे तरी पृथ्वीमुळे काही मिलिमीटर सरकायचे, आणि ट्यूबमधली धातूची जाळी चुंबकली गेली की रंग आणखी बिघडायचे. टीव्ही चालू करताना जो धुम्म आवाज यायचा ना, तो त्या जाळीचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा होता.

एका फेरीला लागणारा वेळ काढून बघा, त्यातून स्पीड कॅन्सल होतो. हळू कण छोटा गोल काढतो, वेगवान कण मोठा गोल काढतो, दोघांना वेळ तेवढाच, आपल्या इलेक्ट्रॉनला ३६ नॅनोसेकंद. यावरच अर्नेस्ट लॉरेन्सने १९३० च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीला सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणारं यंत्र, उभा केला, ठराविक वेळाने व्होल्टेज उलटंपालटं करत राहायचं, कण दर अर्ध्या फेरीला धक्का खातो आणि गोल मोठा होत जातो. त्याला १९३९ चं नोबेल मिळालं. इथे मुलं एक घोटाळा हमखास करतात, एनर्जी चुंबक देतो असं लिहितात. एनर्जी दोन डींच्या (इंग्रजी D च्या आकाराच्या पोकळ डब्यांच्या) फटीतलं इलेक्ट्रिक फील्ड देतं, चुंबक फक्त कणाला पुन्हा पुन्हा फटीकडे वळवून आणतो. आज हॉस्पिटलमधल्या पेट (PET) स्कॅनसाठी लागणारं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ अशाच सायक्लोट्रॉनमध्ये बनतं, आणि ते ११० मिनिटांत निम्मं उरतं, त्यामुळे पेशंटपर्यंत धावतपळत न्यावं लागतं.

दिशेसाठी दहावीतलाच फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम, तर्जनी फील्ड, मधलं बोट करंट, अंगठा फोर्स. इलेक्ट्रॉन असेल तर मधलं बोट त्याच्या चालण्याच्या उलट दिशेने धरा. बस एवढंच, नवीन नियम शोधत बसू नका.

मधेच एक प्रयोग, घरी करता येतो

हे सगळं कागदावर ठीक आहे पण आयन खरंच वळतात हे डोळ्यांनी बघायचं असेल तर श्रीखंडाच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण घ्या. खाली एक चपटा, गोल, भरीव आणि जोरदार चुंबक ठेवा. स्पीकरमधला मध्ये भोक असलेला नको, भोकापाशी फील्ड उलटं असतं आणि मधलं पाणी एकीकडे, बाहेरचं दुसरीकडे जायला बघतं. चुंबकापेक्षा थोडी मोठी अशी तांब्याच्या उघड्या तारेची रिंग झाकणात ठेवा, आणि बरोबर मध्ये तांब्याचा एक तुकडा उभा करा. मोटरच्या वाइंडिंगची तार घेणार असाल तर आधी पॉलिश पेपरने वॉर्निश घासून काढा, नाहीतर करंटच जाणार नाही, माझा पहिला अर्धा तास त्यातच गेला होता.

पाण्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, विरघळवा, कृषी सेवा केंद्रात मिळतो, द्राक्षबागवाले बोर्डो मिश्रणाला वापरतात तोच. कपभर पाण्याला दोन चमचे पुरे. मीठ नको, त्यातून थोडा क्लोरीन सुटतो. रिंग बुडेल एवढं निळं पाणी ओता, वरून चिमूटभर मिरपूड भुरभुरा, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस रिंगला, मायनस मधल्या तुकड्याला लावा. एक क्षण काही होत नाही, मग मधल्या तुकड्याजवळची मिरपूड हलायला लागते आणि बघता बघता सगळं पाणी गोल फिरायला लागतं. चुंबकाचा उत्तर ध्रुव वर असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतं. बॅटरीची टोकं बदला, पाणी थांबतं आणि उलटं फिरतं. चुंबक पालथा करा, पुन्हा उलटं.

आता खरा प्रश्न. तांब्याचे प्लस आयन आत चाललेत, सल्फेटचे मायनस आयन बाहेर चाललेत, मग एक इकडे आणि एक तिकडे ढकलला जाऊन सगळं जागच्या जागी का थांबत नाही? कारण चार्ज उलटा आणि दिशाही उलटी, दोन वजा मिळून अधिक, दोघांवरचा फोर्स एकाच बाजूला. मागच्या वर्षी एका मुलीने हे कोणी न सांगता स्वतःच वहीत लिहून दाखवलं तेव्हा मला इतका आनंद झाला की ती वही मी सगळ्यांना दाखवत फिरले. मोरचूद विषारी असतो एवढं मात्र लक्षात ठेवा, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, हात धुवा, आणि उरलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नका.

पाचवी पायरी: दोन्ही फील्ड एकदम

इलेक्ट्रिक फील्ड वर ढकलतंय आणि मॅग्नेटिक खाली, असं जुळवलं तर एकाच ठराविक स्पीडचा कण सरळ जातो. तो स्पीड म्हणजे इलेक्ट्रिक फील्ड भागिले मॅग्नेटिक फील्ड, त्यात चार्ज नाही, वस्तुमान नाही. आपल्या इलेक्ट्रॉनला १ मिलिटेस्लामध्ये सरळ न्यायचं तर मीटरला १८,७०० व्होल्ट लागतील, म्हणजे २ सेंटीमीटरच्या फटीला ३७४ व्होल्ट. स्पीड जास्त असेल तर मॅग्नेटिक जिंकतं, कमी असेल तर इलेक्ट्रिक, हे एकदा चित्र काढून बघा म्हणजे पाठ करावं लागणार नाही. केंब्रिजला जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये दोन्ही फील्ड अशी तोलून कॅथोड किरणांचा (निर्वात नळीत मायनस टोकाकडून निघणाऱ्या किरणांचा) स्पीड काढला, मग त्यांच्या वळणावरून चार्ज आणि वस्तुमानाचं गुणोत्तर, आणि इलेक्ट्रॉन सापडला.

कण फील्डला तिरका घुसला तर स्पीडचे दोन तुकडे करा. रेषेच्या दिशेचा तुकडा तसाच पुढे जातो, काटकोनातला गोल फिरतो, दोन्ही मिळून स्प्रिंग. दोन वेटोळ्यांमधलं अंतर म्हणजे रेषेच्या दिशेचा स्पीड गुणिले एका फेरीचा वेळ. यात दुसरं काही अवघड नाही, पुढे जाऊया.

सहावी पायरी: फील्ड सगळीकडे सारखं नसेल तर

हे बारावीच्या पुढचं आहे पण कळायला सोपं आहे. समजा फील्ड एका बाजूला जोरदार आणि दुसऱ्या बाजूला कमी आहे. जोरदार बाजूला गोल घट्ट, कमी बाजूला मोठा, मग फेरी पूर्ण झाली तरी कण सुरुवातीच्या जागी येत नाही, थोडा बाजूला सरकतो. पुन्हा फेरी, पुन्हा थोडा सरकतो. पृथ्वीभोवती अडकलेले प्रोटॉन असे पश्चिमेकडे सरकत राहतात आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे, म्हणजे इथेही उलटा चार्ज आणि उलटी दिशा, करंट एकाच बाजूला, पश्चिमेकडे. पृथ्वीभोवती करंटची एक प्रचंड रिंगच तयार होते, आणि सूर्यावरून वादळ आलं की ती रिंग वाढते आणि खाली जमिनीवर पृथ्वीच्या फील्डचा आडवा भाग, म्हणजे आडवं फील्ड, कमी होतं.

आणि हे मोजणारी जागा आपल्या अलिबागला आहे. आधी वेधशाळा मुंबईत कुलाब्याला होती, तिथे २ सप्टेंबर १८५९ च्या मोठ्या वादळात आडवं फील्ड सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद आहे, म्हणजे ढोबळ ४ टक्के, आणि त्या वादळाच्या अभ्यासात ही कुलाब्याची नोंद आजही जगभर वापरतात. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटने रीडिंग बिघडेल म्हणून १९०४ मध्ये मोजणी अलिबागला नेली. समुद्रावर जाता येता त्या आवाराबाहेर दोन मिनिटं थांबा, आपण आत्ता वहीत काढलेल्या गोलांचाच परिणाम तिथे मोजतात.

शेवटची पायरी: गुरुत्वाकर्षण कधी धरायचं

रॉबर्ट मिलिकनने इलेक्ट्रॉनचा चार्ज मोजायला वापरला तसा तेलाचा थेंब घ्या, त्रिज्या १ मायक्रोमीटर. तेलाची घनता घनमीटरला ९०० किलो धरली तर वजन येतं ३.७ गुणिले १० चा उणे १४ वा घात न्यूटन. थेंबावर पाच इलेक्ट्रॉन जास्त आहेत असं समजा. तो हवेत तरंगत ठेवायला मीटरला सुमारे ४६,००० व्होल्टचं फील्ड लागेल, म्हणजे १ सेंटीमीटरच्या फटीला ४६० व्होल्ट. एक इलेक्ट्रॉन निघून गेला की तोच थेंब ४६० वर तरंगत नाही, त्याला आता ५७५ लागतात. मध्ये काहीच नाही, ५०० ला जुळत नाही, ५२० ला जुळत नाही. चार्ज सुट्या नाण्यांसारखा येतो हे मिलिकनने या उड्यांवरूनच दाखवलं, १९२३ चं नोबेल त्यासाठीच्या कामाला होतं. गणितात फक्त दिशा सांभाळा, थेंब निगेटिव्ह आहे म्हणून प्लस प्लेट वर हवी.

आणि आता ती मला आवडणारी गोष्ट. समजा निर्वात जागा आहे, आडवं मॅग्नेटिक फील्ड आहे, पृथ्वीएवढंच, ४० मायक्रोटेस्ला, आणि त्यात प्रोटॉन फिरतोय. खाली गुरुत्वाकर्षण आहे. प्रोटॉन हळूहळू खाली पडत जाईल ना? वर्गात विचारलं की सगळे हो म्हणतात. नाही पडत. गोलाच्या खालच्या अर्ध्या भागात गुरुत्वाकर्षणामुळे त्याचा स्पीड किंचित वाढलेला असतो म्हणून तिथे वळण थोडं मोठं, वरच्या अर्ध्या भागात स्पीड किंचित कमी म्हणून वळण घट्ट, मग सहाव्या पायरीत झालं तेच होतं, गोल बंद होत नाही आणि प्रोटॉन आडवा सरकतो. वजन भागिले चार्ज गुणिले फील्ड करा, सेकंदाला अडीच मिलिमीटरच्या थोडं वर येतं. इलेक्ट्रॉनसाठी तेच गणित करा, तो उलट्या बाजूला सरकतो, आणि प्रोटॉनच्या १,८३६ पट हळू. ओढतंय खाली आणि कण चाललाय बाजूला, प्रोटॉन एकीकडे आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडे, म्हणजे नुसत्या वजनातून करंट तयार झाला.

हे गणित ऑक्सिजनच्या आयनसाठी करून बघा, वस्तुमान प्रोटॉनच्या १६ पट, चार्ज तेवढाच. उत्तर सेकंदाला चार सेंटीमीटरच्या आसपास आलं पाहिजे. ऑक्सिजनचाच आयन मुद्दाम दिलाय, कारण आपल्या डोक्यावर दोनतीनशे किलोमीटर वर आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे हवेच्या चार्ज झालेल्या थरात, मुख्यतः तोच असतो.